लोकर विकायला नाही म्हणणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

पत्र जाहीर लिहितोय, कारण तुमचं शिकवणं काउंटरवर चालतं, त्यामुळे ते सगळ्यांपर्यंत तुकड्यातुकड्यानेच पोचलं. कुणाला वजनकाट्याचं कळलं, कुणाला सुयांचं, कुणी नुसतंच ‘आधी घरची ट्रंक उघडा, मग या’ ऐकून पेठेतून रिकाम्या हाताने परत गेलं. आलेलं गिऱ्हाईक लोकर न देता परत पाठवणारा दुकानदार विरळाच. त्या नकाराबद्दल आधी आभार, कारण बाकीचं सगळं तिथूनच सुरू झालं. पुढचं तुम्हाला पाठ आहे, तरी एका ठिकाणी लिहून ठेवतोय.

‘घरी किती लोकर आहे?’ याला ‘दोन पिशव्या’ हे उत्तर तुम्ही चालवून घेत नाही. ग्रॅम सांगितले तरी तुमचा पुढचा प्रश्न असतो, मीटर किती? विणकाम लांबी खातं, वजन नाही. सारख्याच जाडीच्या दिसणाऱ्या सुती धाग्याचे १०० ग्रॅम ॲक्रिलिकच्या १०० ग्रॅमपेक्षा लांबीला कमी भरतात, कारण सूत जड. म्हणून ४०० ग्रॅम ॲक्रिलिकचा स्वेटर ४०० ग्रॅम सुतात बसवायला गेलं की दुसरी बाही अर्ध्यावर अडते.

लेबल हरवलेल्या गुंड्यांसाठी तुम्ही सांगितलेला पुठ्ठा आता बऱ्याच घरांत आहे. पुठ्ठा ५० सेंटिमीटर रुंद, म्हणजे एक वेढा एक मीटर. धागा न ताणता वीस वेढे घ्यायचे आणि ते वीस मीटर सोनाराच्या छोट्या काट्यावर तोलायचे. ५ ग्रॅम भरले तर १०० ग्रॅमला ४०० मीटर, म्हणजे नेहमीची चार प्लाय, बारीक धाग्याची. साडेआठ-नऊ ग्रॅम भरले तर त्याहून जाड, डबल निटिंग. स्वयंपाकघरातला काटा ग्रॅमखाली बोलत नाही. तो ५ म्हणतो तेव्हा खरं वजन साडेचार ते साडेपाच काहीही असू शकतं, आणि हिशेब ३६४ पासून ४४४ मीटरपर्यंत कुठेही जातो. तोच काटा वापरायचा असेल तर शंभर वेढे घ्यावेत, चूक दोन टक्क्यांवर येते.

मग वही. रंग, जात (खरी लोकर, ॲक्रिलिक की सूत), ग्रॅम, मीटर, लॉट (एका वेळी रंगवलेल्या मालाचा लेबलवरचा नंबर) आणि शेवटचा रकाना ‘कशासाठी’. पहिले पाच कुणीही भरेल, गंमत सहाव्यात आहे. ज्या लोकरीपुढे तो रकाना कोरा, तिच्या जवळपासच्या रंगाची नवी लोकर घ्यायची नाही, हा तुमचा नियम. ऐकायला जाच वाटतो, पण वही उघडली की तोच तेवढा राखी रंग तीन पानांवर तीनदा घेतलेला दिसतो. सहाव्या रकान्यासाठी तुम्ही तोंडी सांगितलेले अंदाज असे: टोपड्याला १५ ते २० ग्रॅम, सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या स्वेटरला साधारण १०० ग्रॅम, मध्यम मापाच्या बाईच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला १३०० ते १५०० मीटर. हे सगळं चार प्लायमध्ये. वेणीची वीण असेल तर यावर जास्त धरावं, कारण वेणी कापड आत ओढते.

जात ओळखायला तुमची काडेपेटी. बोटभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर, शेजारी पाणी. खरी लोकर जळक्या केसांसारखी वास मारते, ज्योत काढली की विझते, राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळतं आणि मागे कडक काळा मणी राहतो. सूत कागदासारखं जळतं. मिश्र धागा मात्र फसवतो, त्यात वासही येतो आणि मणीही उरतो. अशा लोकरीला वहीत ‘मिश्र’ लिहून थंड पाण्यात धुवायचं, एवढंच.

ही जात कळण्याला महत्त्व आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर. खऱ्या लोकरीची टोकं ओली करून तळव्यात घासली की एकजीव होतात, गाठ लागत नाही. ॲक्रिलिकवर हे होत नाही, आणि मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेल्या लोकरीवरही नाही. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवली की वीण मरते, चकाकते, लोळागोळा होते, आणि ती परत उभी राहत नाही.

सुयांच्या बाबतीत तुमचे उपकार मोठे. आपल्याकडचे जुने नंबर ब्रिटिश पद्धतीचे: नंबर वाढला की सुई बारीक. ८ म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. अमेरिकन नंबर नेमके उलटे, तिथला ८ म्हणजे ५ मिलिमीटर आणि १० म्हणजे चक्क ६. तिकडचा नमुना वाचून इकडची १० नंबर घेतली की कापड पुठ्ठ्यासारखं होतं, माप खूपच लहान येतं आणि दोष लोकरीला जातो. तुम्ही प्रत्येक सुईच्या बोथट टोकावर मिलिमीटर लिहायला लावलेत. नंबर पुसलेल्या सुयांसाठी भोकांची पट्टी ठेवलीत, आणि ती वापरायला देताना कधी काही घ्यायला लावलं नाहीत.

काम सुरू करण्याआधी टाके मोजायला विणायच्या नमुन्याच्या तुकड्यावर तुम्ही सगळ्यांत जास्त वाद घालता, आणि तिथे तुम्हीच बरोबर आहात. तुकडा १५ सेंटिमीटरचा चौकोन हवा, आणि मोजायचे ते मधले १० सेंटिमीटर. कडेचे टाके ओढलेले असतात, ते धरले की माप खोटं येतं. तुकडा धुवून, आडवा वाळवून मगच मोजायचा, कारण काही लोकर धुतल्यावर ढिली पडते. हे टाळणाऱ्यांसाठी तुम्ही पावतीच्या मागे मांडलेला हिशेब असा: छाती ९२, सैलपणा ८, म्हणजे कपडा १०० सेंटिमीटर. पुस्तकात १० सेंटिमीटरला २२ टाके, म्हणून २२० टाके घातले. हात जरा घट्ट, प्रत्यक्षात २४ पडतायत. २२० भागिले २४ गुणिले १०, म्हणजे ९१.७. सगळा सैलपणा गेला, स्वेटर अंगाला चिकटला. १० सेंटिमीटरमागे दोनच टाक्यांचा फरक, आणि तो समजतो सगळं शिवून झाल्यावर. उपाय सोपा आहे: एक नंबर जाड सुई घेऊन दुसरा तुकडा. हाताला ‘सैल वीण’ असं बजावून चालत नाही, दहाव्या ओळीला हात मूळ सवयीवर जातो.

आणि मोठ्या कामात आधी बाही. पाठ विणून मग बाही घेण्याची जी रीत आहे ती तुम्ही उलटवलीत. बाही लहान, त्यामुळे माप चुकलं तर कमी उसवावं लागतं. सुरू करण्याआधी आणि संपल्यावर गुंडे तोलले की एका बाहीला किती ग्रॅम लागले ते कळतं. तेवढेच दुसरीसाठी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवले की उरलेल्यात पाठ-पुढा बसतो की नाही, हे पाठीला हात लावण्याआधी समजतं.

लॉटबद्दल एकच, कारण ते ऐकून ऐकून सगळ्यांना पाठ झालंय: एकाच रंगाचे दोन लॉट दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखे दिसतात, दारात उन्हात नेलं की वेगळे. तरीही मिसळायची वेळ आलीच तर दोन ओळी एका गुंड्याच्या, दोन दुसऱ्याच्या, असं पूर्ण भागभर चालवायचं. रेघ दिसते ती एकदम बदलल्यामुळे. धागा जोडायचा तो ओळीच्या कडेला, टोकं वीतभर सोडून. गुंड्यात कारखान्याची गाठ आली तर ती कापून तिथेही कडेलाच जोड. गाठ विणून टाकली तर ती नेमकी छातीवर येते (हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेला अजून कुणी पाहिला नाही).

आता कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड. जाहीर आभार मानताना जाहीर मतभेदही मांडायला हवा. कसर खऱ्या लोकरीला लागते. ॲक्रिलिक आणि सूत तिला नको असतं, घामाचे किंवा अन्नाचे डाग असतील तरच ती तिकडे वळते. खाते ती अळी, उडणारा पतंग नव्हे. म्हणून पतंग मारून समाधान मानू नये, हे तुमचं म्हणणं मान्य. कडुनिंबाचा पाला आणि लवंगा पुरचुंडीत घालून ठेवल्याने वास छान येतो, पण आत बसलेली अळी मरत नाही, हेही मान्य. नवी-जुनी शंकास्पद लोकर हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये निदान दोन आठवडे ठेवायची, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर गार लोकरीवर दव धरतं. हे तुमच्याकडूनच शिकलो.

तुमच्या डांबराच्या गोळ्यांना मात्र आमचा नकार कायम. मोठ्यांच्या स्वेटरला ठीक, पण बाळंतविड्याच्या कपड्यांत त्या नकोत. त्यांतल्या नॅप्थलीनच्या वाफेने काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना धोका जास्त, आणि ती कमतरता घरच्यांना आधी माहीत असेलच असं नाही. टोपडी, मोजे, दुपटी धुऊन, कडक वाळवून, सुती फडक्यात ठेवावीत. तुमच्या दुकानातल्या बाळाच्या कपड्यांच्या खणातून गोळ्या निघाल्यात असं परवा दिसलं. त्याबद्दल वेगळे आभार.

पावसाळ्याचं गणित कोकणात आणि गोव्यात वेगळं. तिथे घट्ट बंद प्लास्टिकमध्ये ओल अडकते आणि लोकरीला बुरशीचा वास धरतो. साड्यांची पारदर्शक झिपची कव्हरं चांगली, रंग दिसतात, पण लोकर भरताना ती कोरडी ठणठणीत हवी आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकदा सगळं बाहेर यायला हवं. लड्या लडीतच ठेवायच्या, काम सुरू होईपर्यंत गुंडा करायचा नाही. घट्ट गुंड्यात वर्षभर ताणलेला धागा विणल्यानंतर पहिल्या धुण्यात आखडतो. गुंडा करताना दोन बोटं आत धरून गुंडाळायचं आणि मधूनमधून बोटं काढून घ्यायची.

जुने स्वेटर उसवणाऱ्यांना तुम्ही आधी शिवण उलटून दाखवायला सांगता. कडा ओव्हरलॉक केलेली असेल तर ते कापड कापून शिवलेलं आहे. उसवलं की प्रत्येक ओळीला धागा तुटतो आणि हातात बोटभर तुकड्यांचा ढीग येतो. हाताने विणलेला असेल तर खुर्चीच्या पाठीवर लडी करून चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब घालून वीस मिनिटं भिजवायची, वजन न टांगता वाळवायची. खऱ्या लोकरीचे कुरळे जातात. ॲक्रिलिकचे पूर्ण जात नाहीत, तिथे लांबून वाफ द्यायची, आणि तीही जपून.

उरलेल्या तुकड्यांचं काय, हा प्रश्न तुम्ही आमच्याकडेच परत ढकलता, पण वाट दाखवून. चार प्लायचे दोन धागे एकत्र धरले की जाडी वाढते आणि मीटर निम्मे होतात. ४०० चे २०० झाले की जाड सुईवर मफलर भराभर होतो. लाल-मरून धागा पांढऱ्याशेजारी घालण्याआधी कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या रुमालावर दाबून पाहायचा. व्हिनेगरने ॲक्रिलिकचा किंवा सुताचा रंग पक्का होत नाही, कितीही जणींनी सांगितलं तरी.

आणि १५-२० ग्रॅम उरले की टोपडं. तुमच्या काउंटरच्या काचेखाली लावलेलं माप इथे उतरवतोय, काच आता खूप खरवडली गेलीय. चार प्लाय, १० नंबर सुया, १० सेंटिमीटरला २८ टाके. ९० टाके घालून दोन सुलट दोन उलट अशी ३ सेंटिमीटर बॉर्डर. पुढे सुलट ओळ-उलट ओळ, सुरुवातीपासून १० सेंटिमीटर होईपर्यंत. मग कडेचा एकेक टाका सोडून ८८ टाक्यांचे ११-११ चे आठ भाग. प्रत्येक भागात ९ सुलट, दोनाचा एक, उलट ओळ साधी. पुढच्या सुलट ओळीत ८ आणि दोनाचा एक, असं एकेक उतरत जायचं. शेवटी १० टाके उरतात. त्यांतून धागा ओवून ओढायचा आणि मागची शिवण घालायची, कडेचे दोन टाके तिच्यातच जातात. नवजात बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटिमीटर आणि टोपडं ३१-३२. वीण ताणते म्हणून ते बसतं, मापात विणलं तर डोळ्यांवर येतं. हातमोज्यांना जाळीची वीण नको आणि आत सैल धागा नको, बाळाच्या बोटाला आवळतो.

पत्र मोठं झालं. जाता जाता एक काम आहे. मोरपिशी चार प्लायचा स्वेटर चालू आहे: बाह्या ५८-५८, पाठ १२०, पुढचे दोन्ही भाग मिळून १३०, पट्ट्यांना ३०. एकूण ३९६ ग्रॅम, घरात ३५० आहेत. ४६ कमी पडतात. २५ चे दोन गुंडे घेतले तर शिल्लक ४ ग्रॅमच, म्हणजे तुम्ही तीन द्याल हे माहीत आहे. तीन बाजूला काढून ठेवा, लॉटची चिठ्ठी सोबत पाठवतोय. तिसरा लागला नाही तर लेबल न काढता परत आणू.

आपल्या,
वहीवाल्या गिऱ्हाइका (आणि दोन गिऱ्हाईक पुरुष)