मिशनरी दांपत्याला लेखी हमी द्यावी

महोदय,

आमच्या कॅम्प भागातील एक तरुण ख्रिस्ती दांपत्य, तो परिचारक आणि ती शिक्षिका, मिशनकार्यासाठी आफ्रिकेत निघाले असून, मुलगा दुबईला गेला की पेढे वाटणारेच आता ‘पोटापाण्याचे काय?’ असे त्यांना विचारत आहेत. बेळगावात १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे कार्य सुरू झाले आणि परमुलखातील माणसांनी येथील भाषा शिकून शाळा काढल्या. मग उलट्या प्रवासाचे एवढे नवल कशाला? माझी चिंता वेगळी आहे. निरोपाचे हार आधीच ठरवणाऱ्या, त्यांना पाठवणाऱ्या मंडळीने (चर्चने) मानधन, आरोग्यविमा, बाळंतपणाची सोय आणि परतीचे तिकीट यांची लेखी हमी अद्याप दिलेली नाही. ती प्रस्थानापूर्वी द्यावी आणि पत्नीचे मानधन तिच्याच नावे स्वतंत्र ठरवावे.

— एक वाचक, कॅम्प, बेळगाव