जर्मन टिकवायचं तर मराठीचा हात धर

सातारा

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

पुण्याचा जर्मनचा क्लास सुटला, बी-वन ही मधल्या पातळीची परीक्षा पदरात पडली आणि आता कुपवाडच्या कारखान्यात तुझ्याशी जर्मन बोलणारं कोणी नाही. भाषा निसटायला सुरुवात होते ती इथूनच. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

आधी काय जातं ते नीट लक्षात घे. ऐकलेलं कळणं पुष्कळ दिवस टिकतं. आधी जातात देर-दी-दास, म्हणजे नामाआधी लागणारे त्यांचे तो-ती-ते, मग शब्दांची शेवटं, मग हवा तो शब्द वेळेवर जिभेवर येणं. त्यामुळे बातम्या ऐकताना 'सगळं कळतंय की' असं वाटत राहतं आणि प्रत्यक्ष बोलायची वेळ आली की पहिल्याच वाक्याला अडतं. रोजची 25 मिनिटं काढशील त्यातली निदान 15 तोंडाने बोलण्यात आणि हाताने लिहिण्यात गेली पाहिजेत.

तुझी शिफ्ट आठवड्याला बदलते, तेव्हा 'सकाळी सातला जर्मन' असा नेम धरू नकोस. पहिल्याच रात्रपाळीला तो मोडेल. नेम कामाला बांध. चहा, आंघोळ, बस आणि झोपण्याआधी दिवा मालवणं ही चार कामं कुठल्याही पाळीत होतातच.

चहापासून सुरू कर. हात जे करतोय तेच तोंडाने, मोठ्याने म्हणायचं. गॅस पेटवलास, 'इश माखे दास गास आन.' बंद केलास, 'इश माखे दास गास आउस.' यातलं 'आन' आणि 'आउस' क्रियापदापासून तुटून वाक्याच्या शेवटी जातं, आणि घाईत नेमकं तेच गळतं. बटणावर हात असताना तो शेवटचा शब्द उच्चारलास की हळूहळू जीभ तो विसरेनाशी होते. आउफश्टेहेन (उठणं), आइनकाउफेन (खरेदी करणं), त्सुमाखेन (बंद करणं) अशी तुटणारी क्रियापदं घरकामात पावलोपावली भेटतात. रात्री दिवा मालवल्यावर तीच वाक्यं भूतकाळात म्हण : 'इश हाबे दास लिश्ट आउसगेमाख्ट', मी दिवा मालवला. 'गे' शब्दाच्या पोटात शिरतो, तो ऐकू आला पाहिजे. आणि जाण्या-येण्याला 'हाबे' नाही, 'बिन' : 'इश बिन नाख मिरज गेफारेन', मी मिरजेला गेलो. पण मराठीत 'मी गेलो' आणि 'मी झोपलो' एकाच साच्यातले, म्हणून झोपण्यालाही 'बिन' लावलंस तर चूक. झोप म्हणजे हालचाल नव्हे, तिथे 'हाबे गेश्लाफेन'.

आता मुख्य गोष्ट. जर्मनकडे इंग्रजीच्या वाटेने जाऊ नकोस, मराठीची वाट पुष्कळ जवळची आहे. 'मला थंडी वाजते' याला जर्मन 'मीर इस्ट काल्ट' म्हणतो, त्यातलं 'मीर' म्हणजे आपलं 'मला'. इंग्रजीवरून 'इश बिन काल्ट' म्हणालास तर मायाममता नसलेला माणूस असा अर्थ निघतो. 'मला ते आवडतं' हेसुद्धा तसंच, 'दास गेफेल्ट मीर'. 'वाइल' म्हणजे 'कारण', त्याने सुरू होणाऱ्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं, 'वाइल इश हॉइटे काइने त्साइट हाबे' (कारण मला आज वेळ नाही), ते आपल्याला सहज जमावं, कारण आपलं क्रियापद शेवटीच असतं. उलट साध्या वाक्यात ते दुसऱ्या जागी हवं, आणि मराठी माणूस तिथे चुकतो. 'त्साइट'मधला 'त्स' तर आपल्या 'चाक'मधला च आहे, 'चहा'मधला नव्हे. तो तुला जन्मापासून येतो.

आकडे बसमध्ये पक्के कर. विश्रामबागेहून कुपवाडला जाताना खिडकीतून दिसणाऱ्या गाड्यांचे चार आकडे दोन-दोन करून वाच. 47 म्हणजे सत्तेचाळीस, सात आणि चाळीस. जर्मनमध्येही तसंच, 'सीबेन-उंड-फिर्त्सिश'. इंग्रजी मनात आलं की 47 चे 74 होतात. फसवणारा आकडा एकच, नवाचा. 29 ला आपण तिसातून एक वजा करून एकोणतीस म्हणतो, जर्मन सरळ 'नॉइन-उंड-त्स्वान्त्सिश' म्हणतो. नव्व्याण्णव मात्र पुन्हा त्यांच्यासारखाच. वेळेतही एक खाच आहे : 'हाल्ब सीबेन' म्हणजे साडेसहा, साडेसात नाही. जर्मन माणूस येणाऱ्या तासाकडे बघून मोजतो, जसं आपण पावणेसात म्हणताना करतो. दक्षिण आणि पूर्व जर्मनीत 'ड्राय-फिर्टेल सीबेन' ऐकशील, तो तर आपला पावणेसातच.

लिंगांचा बाऊ इंग्रजी बोलणाऱ्यांनी करावा. आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. पाणी, घर, पुस्तक दोन्हीकडे नपुंसकलिंगी. चंद्र आणि चमचा दोन्हीकडे पुल्लिंगी. जुळणाऱ्या शब्दांवर वेळ घालवू नकोस. भांडणाऱ्यांची वेगळी यादी कर : सूर्य 'दी झोने', दूध 'दी मिल्श', दार 'दी ट्यूर', खिडकी 'दास फेन्स्टर', काटा 'दी गाबेल', सुरी 'दास मेसर'. जोडशब्दाचं लिंग शेवटच्या शब्दावरून ठरतं, जसं साखर ती असली तरी साखरपुडा तो. म्हणून साखर 'देर त्सुकर' असूनही ऊस 'दास त्सुकररोर'. सांगलीत राहतोस तर हळद, द्राक्ष आणि बेदाणा हे तीन शब्द आलेच पाहिजेत : 'दी कुर्कुमा', 'दी ट्राउबे', 'दी रोझीने'. मंडईची यादी जर्मनमध्ये लिही, पण नुसते शब्द नकोत, वाक्य लिही : 'इश ब्राउखे आइनेन ब्लूमेनकोल उंड आइन किलो त्स्वीबेल्न', मला एक फ्लॉवर आणि एक किलो कांदे हवेत. फ्लॉवर पुल्लिंगी, म्हणून 'आइन'चं 'आइनेन' झालं. कारखान्यात पक्कड 'दी त्सांगे', कानस 'दी फाइले', हातात घेताना मनात म्हणायचं.

कार्डांसाठी बुटांचा रिकामा खोका घे आणि आत पुठ्ठ्याचे पाच कप्पे कर. पुढे मराठी वाक्य, मागे जर्मन वाक्य. सुटा शब्द लिहिलास तर तो सुटाच राहतो. कार्ड केल्यावर 1, 3, 7, 15 आणि 30 दिवसांनी पुन्हा बघायचं, चुकलं तर पहिल्या कप्प्यात परत. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि मग मंदावतं. म्हणून पहिल्या उजळण्या जवळजवळ. रोज नवी कार्डं 5, जास्त नाही. महिन्यात प्रत्येक कार्ड सहा वेळा हातात येतं, म्हणजे पुढे रोज 30 होतात. उत्साहाने 20 केलीस तर 120 होतील आणि खोका पलंगाखाली जाईल.

ऐकायला डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या घे, त्यांच्यासोबत मजकूरही असतो. एकच बातमी तीन दिवस : पहिल्या दिवशी मजकूर न बघता, दुसऱ्या दिवशी बघत, तिसऱ्या दिवशी निवेदकाच्या आवाजाबरोबर मोठ्याने. रोज नवी बातमी घेतलीस तर कान सरावेल, तोंड नाही. सिनेमाला खालची अक्षरं जर्मनच ठेव; मराठी किंवा इंग्रजी असली की डोळे तीच वाचतात आणि कान बंद होतात. फोनची भाषा जर्मन कर, पण बँकेचं आणि पैसे पाठवायचं ॲप जसं आहे तसंच राहू दे. आठवड्याभरात नजर चित्रावरून बटण ओळखायला लागते आणि वाचणं थांबतं, तेव्हा रविवारी सेटिंगचं एक पान शब्दन् शब्द वाचून काढ.

आजारी पडलास, ओव्हरटाइम लागला, तर त्या दिवशी 10 जुनी कार्डं आणि एक बोललेलं वाक्य एवढंच कर. आठवडा बुडाला तर साठलेलं सगळं एका रविवारी उपसायला बसू नकोस, त्यानेच कंटाळा येतो. दहा दिवस नवी कार्डं बंद, जुनी रोज 30.

झोपण्याआधी वहीत पाच ओळी लिही, शब्दकोश न उघडता. अडलेला शब्द मराठीत लिहून पुढे जा. शनिवारी त्या पानांचे फोटो मला पाठव. मी दुरुस्ती करून देणार नाही, चुकीखाली नुसती रेघ मारीन. बरोबर वाक्य तू शोधायचंस आणि त्याचंच कार्ड करायचंस.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई

ता. क. रविवारी कोणा जर्मन माणसाशी बोलायचं ठरवलंस तर अर्धा वेळ जर्मन, अर्धा त्याला हवी ती भाषा, असं घड्याळ लावून वाटून घे. त्यांचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते बदलतं, त्या दिवशी वेळ पुन्हा विचारून घे.