संद्या, डोळ्यांची तारीख चुकवू नको

प्रिय संद्या,

काल तुझा फोन ठेवला आणि रात्रभर झोपच नाही, बाहेर पाऊस धो धो, लाईट गेलेली. तू म्हणालास मुलगा तिसाव्या आठवड्यात झाला पण आता घरी आणलाय, दूध ओढतोय, सुटलो एकदाचे. त्या 'सुटलो' वरच माझं मन अडकलंय रे. आम्हीपण आमच्या कमी दिवसांच्या मुक्ताला घरी आणलं तेव्हा हेच म्हणालो होतो.

आधी डोळे. कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यातल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या अर्धवट असतात, नंतर त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदाच सुटू शकतो, आरओपी म्हणतात त्याला, आणि बाहेरून डोळा अगदी टपोरा छान दिसतो. ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा २ किलोच्या आतलं बाळ असेल तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत पडदा तपासायचाच. आमच्या डिस्चार्ज कार्डावर हे खाली कोपऱ्यात एका ओळीत खरडलेलं, तोंडाने कुणी सांगितलं नाही, अजून राग येतो मला. आशाताईंनी कार्ड वाचलं म्हणून २७व्या दिवशी गाडी करून आंबा घाट चढलो, कोल्हापूर गाठलं. लेझर वेळेत झालं, नजर वाचली. तुझ्याला आज २५ दिवस झाले ना? आणि एकदा दाखवून भागत नाही, ते परत परत बोलावतात, एकही फेरी सोडू नको. कानाची बेरा टेस्ट झाली नसेल तर तीही करून घे.

दुसरं, वय मोजताना दहा आठवडे वजा कर, दोन वर्षांपर्यंत तरी. नाहीतर येणारा जाणारा विचारतो अजून मान धरत नाही का, आणि वहिनी उगाच रडत बसेल.

पण खरं सांगायचं ते पायांचं. मुक्ता दोन वर्षांची असताना पुळणीवर नेली होती, ओहोटी होती, ओल्या वाळूत तिची पावलं बघत मागून चाललेलो, पाचही बोटं स्वच्छ उमटलेली आणि मागे टाच नाहीच, एकाही पावलाला नाही. आई म्हणाली चालतात पोरं अशी चवड्यांवर. मी पण सहा महिने तेच धरून बसलो, तेवढे फुकट गेले. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेने पायांकडे जाणारे तंतू असतात, या बाळांत नेमका तोच भाग दुखावतो, मग पोटऱ्या ताठ होत जातात. व्यायाम जितक्या लवकर सुरू तितकं बरं. सरकारचा आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे २०१३ पासूनचा, त्यात जिल्ह्याला अशा मुलांसाठी केंद्र असतं, मोफत, डीईआयसी म्हणतात त्याला, सिव्हिलला जाऊन विचार. मुक्ता आता सातची, पायाला आधाराची स्प्लिंट घालून शाळेत जाते, धावतेसुद्धा. गणितात मागे पडते, पावसाळ्यात छाती घरघरते, त्याचंही चालूच आहे. म्हणून सांगतो, बाळंतिणीच्या खोलीत चुलीचा धूर नको, आणि काकांना विडी अंगणात ओढायला सांग, वाईट वाटलं तरी चालेल.

कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आजच पाठव. गाडीचं मी बघतो, परवा पहाटे पाचला निघू.

तुझा,
नित्या