आधी काठवट, मग फावडे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘कॉल अ स्पेड अ स्पेड’ हा रोखठोक बोलण्याविषयीचा इंग्रजी वाक्प्रचार आपल्याकडेही सर्रास वापरला जातो. त्यातला ‘स्पेड’ म्हणजे पत्त्यांतला इस्पिक, असे मात्र नव्हे. तो साधे फावडे आहे, आणि मूळ ग्रीक म्हणीत तेही नव्हते. प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कने सांगितलेल्या किश्श्यानुसार, ऑलिंथस ही ग्रीक नगरी फितुरीने मॅसेडोनियाच्या हवाली करणाऱ्या लास्थेनीसच्या माणसांनी, आपल्याला येथे गद्दार म्हणतात अशी तक्रार केली, तेव्हा राजा दुसरा फिलिप उत्तरला की, मॅसेडोनियन मंडळी पडली अडाणी, ती काठवटीला काठवटच म्हणणार! (गद्दारांची अशी बोळवण क्वचितच झाली असेल.) डच विद्वान इरॅस्मसच्या लॅटिनमध्ये या काठवटीची कुदळ झाली आणि निकोलस उडॉल यांच्या १५४२ मधील इंग्रजी अनुवादात तिचे फावडे झाले. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत काळ्या इस्पिकावरून ‘स्पेड’ हा कृष्णवर्णीयांसाठी हेटाळणीचा शब्द बनला. वाक्प्रचाराचा त्याच्याशी उगमाचा संबंध नसला, तरी तेथे अनेक जण तो आता टाळतात.

– एक वाचक, सातारा