पिंपभर तेलात चमचाभर विष : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

रोहित्रांच्या तेलातल्या पीसीबीचा (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, क्लोरीन असलेलं विषारी रसायन) वापर थांबवायची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. केंद्राच्या २०१६ च्या आदेशातच ती तारीख आहे. तरीही कोकणातल्या एका खाडीकाठच्या यार्डात जुन्या रोहित्रांतून उपसलेल्या तेलाची पिंपं उघड्यावर पडून आहेत. पावसाआधी तेल तपासून हलवू, असं आम्हाला लेखी कळवलं होतं. पाऊस लागला, पिंपं जागची हलली नाहीत, आणि आता तेच तेल भंगाराच्या लिलावात निघालंय. एकाही पिंपाला तपासणीचा दाखला नाही.

साहेब, ही पिंपं एकदा जवळून बघा. उभ्या पिंपाच्या झाकणावर पावसाचं पाणी साचतं. दिवसा आतली हवा फुगून बाहेर पडते, रात्री पिंप गार झालं की बुचाच्या आट्यांतून तेच पाणी आत ओढलं जातं आणि तळाला बसतं. बाहेरून खारा वारा, आतून पाणी. तळाची कड आधी सडते. खाली जांभा. तो सच्छिद्र, त्यामुळे सांडलेलं तेल मुरतं ते विहिरीच्या वाटेला लागतं. उरलेलं गटारातून कांदळवनात जातं. पीसीबी पाण्यात विरघळत नाही, गाळाला आणि चरबीला चिकटतं. ओहोटीला बायका तिसऱ्या काढतात त्या याच गाळातून.

यावर उत्तर मिळतं, “रोहित्राच्या पाटीवर खनिज तेल लिहिलंय, म्हणजे पीसीबी नाही.” पाटीने काहीही सिद्ध होत नाही. आपल्याकडे पीसीबी कधी तयार झालं नाही, ते बाहेरून आलेल्या उपकरणांतून आलं. पण तेल गाळायचं मशीन एका रोहित्रावरून दुसऱ्यावर जातं, पाइपात राहिलेलं तेल पुढच्या टाकीत उतरतं, आणि कमी पडलं की कुठल्याही पिंपातून भर घातली जाते. हिशेब करून बघा. २१० लिटरच्या पिंपात सुमारे १८० किलो तेल बसतं. त्यात ९ ग्रॅम पीसीबी, म्हणजे जेमतेम एक चमचा, मिसळलं की ५० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ५० भाग होतं. तेवढ्यावर ते अख्खं पिंप दूषित ठरतं. साधं तेल ओतून प्रमाण खाली आणणं हा काही उपाय नाही.

तपासणी अवघड नाही. रोहित्र बंद करून तळाच्या व्हॉल्व्हमधून थोडं तेल आधी वेगळं काढायचं, मग नमुना काचेच्या कोरड्या बाटलीत घ्यायचा. दर रोहित्राला नवी नळी. क्लोरीन दाखवणारं किट जागेवरच निकाल देतं. मात्र किनाऱ्यावर एक अडचण आहे. किट क्लोरीन ओळखतं, पीसीबी नाही. तेलात खारं पाणी शिरलं असेल तर चांगलं तेलही दूषित दिसतं. तेव्हा किटने नापास केलेला प्रत्येक नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे नेमकं पीसीबी ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीला, पाठवायलाच हवा. “किट चुकतं” म्हणून तपासणीच सोडून देणं हा निव्वळ कामचुकारपणा आहे.

लिलावातलं तेल भट्टीत जळण म्हणून गेलं तर काय होईल? पीसीबी नष्ट करायला ११०० ते १२०० अंश तापमान आणि त्या तापात किमान दोन सेकंद लागतात. कमी तापावर अर्धवट जळालं की डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात, मूळ विषाहून जहाल. तांब्यासाठी वाइंडिंगचा, म्हणजे रोहित्रातल्या तारेच्या गुंडाळीवरचा, कागद जाळला जातो, तिथेही हेच. कागद आणि लाकूड पीसीबी शोषून ठेवतात. म्हणूनच तेल बदललं म्हणजे रोहित्र स्वच्छ झालं असं होत नाही. वाइंडिंगमधलं पीसीबी नव्या तेलात झिरपतं. तीन महिने वीजभारावर चालवून पुन्हा तपासावं लागतं.

आणि हे सगळं उपसतो कोण? कंत्राटी वायरमन, उघड्या हातांनी. नायट्राइलचे जाड हातमोजे त्याला कुणी देत नाही. सांडलेल्या तेलावर तो पाण्याचा पाइप सोडतो, कारण वाळू किंवा भुसा टाकून ते टिपायचं, तो भुसा, चिंध्या आणि खालची माती झाकणाच्या लोखंडी पिंपात भरायची, हे त्याला कधी शिकवलेलंच नाही.

वीज खातं म्हणतं प्रदूषणवाल्यांना विचारा, प्रदूषणवाले म्हणतात माल खात्याचा. निविदेत जास्त भाव देणारा जिंकतो आणि तेल कुठे जातं ते कुणी विचारत नाही. अशी टिकून राहणारी विषारी रसायनं हटवायचा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार आपण २००६ साली स्वीकारला. वीस वर्षं कागदच फिरतोय. त्यातली पीसीबीच्या विल्हेवाटीची २०२८ ची मुदतही अशीच घालवायची आहे का? माणसं खाडीचं खाऊन जगतात, तुमच्या फायलीवर नाही.

लिलाव आजच थांबवा. पिंपं छपराखाली, कठडा घातलेल्या काँक्रीटवर हलवा, आणि त्या कठड्यात सगळ्यात मोठ्या पिंपाहून जास्त तेल मावू द्या. प्रत्येक पिंपावर रोहित्राचा क्रमांक आणि निकाल लिहा. कमी दूषित तेलासाठी सोडियमने क्लोरीन काढणारं फिरतं युनिट रत्नागिरीला आणा, म्हणजे पिंपं घाटातून न्यावी लागणार नाहीत. पण आधी तेल निर्वातात पूर्ण सुकवा. सोडियमला पाणी लागलं तर स्फोट होईल. सडलेल्या पिंपांतलं तेल आधी नव्या पिंपांत घ्या. त्यातली चार आत्ताच गळताहेत.

आपले,
रत्नागिरी-सिंधुदुर्गातील काही विद्युत अभियंते व तंत्रज्ञ