पुनर्विकासाच्या करारात न्हाणीघराचाही विचार व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुणे, ठाणे आणि मुंबईच्या उपनगरांत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या इमारती पाडून पुनर्विकास करण्याचा सपाटा सुरू आहे. वाढीव चटईक्षेत्र, कॉर्पस (विकासकाकडून मिळणारा एकरकमी निधी), पार्किंग आणि पर्यायी घराचे भाडे या विषयांवर सोसायट्यांच्या सभा रात्री उशिरापर्यंत रंगतात. नव्या घरातील न्हाणीघर आणि संडास कसे असावेत, हा विषय मात्र या सभांमध्ये जवळजवळ कधीच निघत नाही. अशा इमारतींमधील मूळ सभासद आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याच संमतीवर नवी इमारत उभी राहते आणि तिच्या गुळगुळीत ओल्या फरशीवरून घसरण्याची भीतीही सर्वांत अधिक त्यांनाच असते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी आई ७९ वर्षांची आहे. जुन्या घरातील मोरीला शहाबादी फरशी होती. दिसायला ओबडधोबड, पण पाय धरून ठेवणारी. त्या मोरीत आई कधी घसरल्याचे मला आठवत नाही. पुनर्विकासानंतर नव्या घरात राहायला जाऊन चार महिने झाले होते, तेव्हा पहाटे साडेतीनच्या सुमारास ती लघवीला उठली. फरशी ओली होती. तोल जाताच तिने हाताला लागलेला टॉवेलचा दांडा पकडला आणि तो भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या गिट्टीसकट उपटून तिच्या हातात आला. दार आत उघडणारे, आई दारालाच टेकून पडलेली, त्यामुळे बाहेरून जोर लावावा तर तिलाच लागेल, अशी भावाची अवस्था झाली. आतून ती ‘ढकलू नको रे’ म्हणत होती. दार बोटभर बोटभर सरकवत आत शिरायला त्याला वीस मिनिटे लागली. खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली आणि आज ती वॉकर धरून घरातल्या घरात चालते, परंतु एकटीने न्हाणीघरात जायची तिची हिंमत होत नाही.

‘वय झाले की माणूस पडायचाच’ असे आपण सहज म्हणून जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वांत मोठे आहे आणि यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्यासारख्या अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. वृद्धापकाळात खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो, मग शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) आणि न्यूमोनिया यांचा धोका वाढतो. पडण्याची कारणे पुष्कळदा साधी असतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीला वारंवार जावे लागते, अंथरुणातून एकदम उठल्यावर रक्तदाब क्षणभर उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते, त्यातच दिव्याचे बटण लांब असते आणि दाराशी ग्रॅनाइटचा उंबरा असतो. वय थांबवता येत नाही, पण उंबरा सपाट करता येतो.

न्हाणीघरात धरायला आधाराचे दांडे मागितले की ‘ते नंतर आपापल्या खर्चाने बसवून घ्या’ असे विकासकाकडून सांगितले जाते. ते दिसते तितके सोपे नाही. नव्या इमारतींतील आतल्या भिंती बहुधा हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. साधी गिट्टी ठोकून बसवलेला दांडा त्यांत पडत्या माणसाचे वजन पेलत नाही. त्यासाठी लांब अँकर किंवा भिंतीत आधीपासून भक्कम आधार लागतो. शिवाय तयार न्हाणीघरात भोके पाडताना टाइल तडकते आणि जलरोधक थराला धक्का लागण्याची भीती असते. भिंत उभी राहतानाच हे काम केले तर खर्च नाममात्र येतो. टाइलचेही तसेच आहे. घसरणरोधक टाइलना आर-९ ते आर-१३ अशी श्रेणी असते, त्यांतील आर-९ सर्वांत कमी पकडीची. न्हाणीघरासाठी किमान आर-१० आणि शॉवरखाली आर-११ मागावी. ‘मॅट फिनिश’ एवढे शब्द पुरेसे नाहीत, कारण मॅट दिसणारी प्रत्येक टाइल ओली झाल्यावर पाय धरतेच असे नाही.

महारेराने (राज्यातील गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाने) २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांकरिता मार्गदर्शक सूचना काढल्या असून रुंद दारे, न घसरणारी फरशी आणि न्हाणीघरातील आधाराचे दांडे यांचा त्यांत समावेश आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण त्या सूचना ‘ज्येष्ठांची घरे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना लागू आहेत आणि आपल्याकडचे बहुतेक ज्येष्ठ मुला-नातवंडांबरोबर साध्या सोसायट्यांतच राहतात. सहकारी सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने सल्लागाराच्या नेमणुकीपासून निविदेपर्यंतची प्रक्रिया बांधून दिली आहे. तिच्यात मूळ सभासदांच्या घरांतील न्हाणीघरांसाठी दोन-चार किमान अटी घालणे शासनाला अवघड नाही. तरीही शासनाची वाट पाहत बसू नये, असे मला वाटते. करारावर सही होईपर्यंतच विकासक सोसायटीचे ऐकतो, नंतर प्रत्येक बदल ‘एक्स्ट्रा’ ठरतो. आमच्या सभेत एका सभासदाने दांड्यांचा विषय काढला होता, तेव्हा ‘घर आहे की हॉस्पिटल?’ असे म्हणून तो बाजूला सारला गेला. त्या वेळी मीही गप्प बसले, याचे मला आज फार वाईट वाटते.

जे आज जुन्याच घरात राहतात त्यांनी निदान पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवावा, पायाखालून सरकणारी पायपुसणी काढून टाकावीत आणि न्हाणीघराला आतून कडी न लावण्याची सवय घरातील ज्येष्ठांना लावावी. शेवटची गोष्ट त्यांना संकोचाची वाटते, म्हणून बाहेरून नाण्याने उघडता येईल असे कुलूप बसवणे उत्तम.

शेजारच्या सोसायटीची सभा पुढील आठवड्यात आहे. त्यांच्या सचिवांनी विचारल्यावरून मी करारात घालण्यासाठी मजकूर लिहून दिला आहे: प्रत्येक घरातील किमान एका न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे, उंबरा नसावा, कमोडशेजारी आणि शॉवरखाली भिंतीत पक्के केलेले स्टीलचे दांडे असावेत, टाइलची श्रेणी करारात नोंदवावी आणि ताबा देण्यापूर्वी त्या दांड्यांना भार देऊन सभासदांसमक्ष तपासणी व्हावी. ज्या सोसायट्यांचे करार अजून व्हायचे आहेत, त्यांनी हा मजकूर जरूर वापरावा.

आपली,
एक वाचक, पुणे