खालची खोली रिकामी करतोय

तीर्थरूप आई-बाबांना सा. न.

फोनवर बोललो असतो तर आईने "राहू दे रे, कुठे अडचण होतेय" म्हणून विषय मिटवला असता, म्हणून लिहितोय. खालच्या खोलीतले माझे सगळे जुने कॉम्प्युटर पुढच्या महिन्यात मी घेऊन जातोय. गाडी सांगून झाली आहे. त्या जागी तुमचे पलंग लागतील. आईच्या गुडघ्यांना आता जिना नको, बाथरूम हाताशी आहे, सकाळचं ऊनही थेट अंगावर येतं. माझ्याकडे जागा आहे, खरंच आहे. तुम्ही काही बोललात म्हणून नेतोय असं मात्र मनात आणू नका.

बाबा, "ही डबडी होती तरी कशासाठी?" असं तुम्ही दरवेळी विचारता. मला वाटतं, बनवणाऱ्यांनाही ते नीट ठाऊक नसावं. जाहिराती म्हणायच्या, घरखर्च लिहा, पाककृती साठवा, मुलांचा अभ्यास घ्या. बहुतेक घरांत चालले ते खेळच! तुम्ही मात्र खरोखर घरखर्च लिहायला बसला होतात. कॅसेट किरकिरत असायची, टीव्हीच्या कडेने रंगीत पट्टे पळायचे, आणि प्रोग्राम चढेपर्यंत आईचा हिशोब वहीत लिहून व्हायचा. स्पेक्ट्रम, तो तुमचा सिंक्लेअर कंपनीचा घरगुती कॉम्प्युटर, चालू केला की '1982 सिंक्लेअर रिसर्च' एवढी एक ओळ यायची. पुढे काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, 48 केबी मेमरीत मावेल तेवढं. 'पी'चं रबरी बटण दाबलं की अख्खा 'प्रिंट' शब्द उमटायचा. तुमच्या मांडीवर बसून बघताना मला वाटायचं, ही बाबांच्या बोटाची करामत आहे. त्यासाठीच तो होता म्हटलं तरी माझी हरकत नाही.

आता नीट ऐका. कॉमोडोर 64 या दुसऱ्या कॉम्प्युटरचा जुना अडॅप्टर लावून बघू नका. तो बिघडला की 5 व्होल्टपेक्षा जास्त सोडतो आणि मेमरीच्या चिप जळतात. मॉनिटर उचलायचा नाही, बाबा, कंबर आठवा. उघडायचा तर मुळीच नाही, बंद असला तरी आत जोरदार चार्ज राहू शकतो. आई, पिवळी कव्हरं घासत बसू नकोस. तो मळ नव्हे, प्लास्टिकचाच रंग बदललाय.

स्पेक्ट्रम बाबांचा. तो न्यायचा की तुमच्याजवळ ठेवायचा, तेवढं कळवा.

तुमचा,
बाळ्या